कापूसतळणी: शकुंतलेच्या रुळांवरचं गाव

मूर्तिजापूरला उतरून तडक एसटी स्टँड गाठला. शकुंतला, म्हणजे इथली अरुंद रुळांवरची छोटी रेल्वेगाडी, बंद आहे, त्यामुळे दर्यापूरमार्गे अंजनगावकडे कापूसतळणीला जायचं तर एसटीच. मुंबई–नागपूर मार्गावरच्या सगळ्याच एक्स्प्रेस मूर्तिजापूरला थांबत नाहीत, तिकीट काढण्याआधी थांबा बघून घ्या.

कापूसतळणी हे शकुंतलेच्या मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरचं लहानसं स्टेशन. गावाच्या नावातच कापूस. गवतातल्या रुळांमधलं अंतर वितीने मोजलं, भरलं अडीच फूट. ७६ किलोमीटरचा हा मार्ग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाला तो वऱ्हाडच्या कापसासाठी. शेतकरी बैलबंडीने कापूस आणायचे, सरकी निघून गाठी बांधल्या जायच्या. मूर्तिजापूरला मोठी लाइन, म्हणजे ब्रॉडगेज, लागते आणि रुळांची रुंदी बदलते. त्यामुळे तिथे सगळा माल उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. तिथून मुंबई, आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्या. शकुंतलेचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं. ते १९९४पर्यंत धावलं. मार्गाची मालकी मात्र स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडेच राहिली. या गोष्टीचा मला आजही राग येतो. कापूस पिकवला वऱ्हाडने, आणि गाडी मात्र वऱ्हाडची नाही!

पण गावाने ती आपली मानली. रुळांजवळच्या वावरात एक आजोबा पऱ्हाटीतून कापूस वेचत होते. कमरेच्या ओट्यातला कापूस माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "आमाले घडी कायले लागते? भोंगा आयकला का जेवाले बसाचं." मग त्यांनीच विचारलं, "मोठी लाइन झाली त गाडी आमच्या गावाले थांबन का?" हा प्रश्न या मार्गाचं ब्रॉडगेज करण्याचा आराखडा करणाऱ्यांच्या कानी जायला हवा.

जायचं तर दिवाळी ते जानेवारीत जा, तेव्हा वेचणी चालू असते. पावसाळ्यात काळी माती बुटांना अशी धरते की पाय उचलवत नाही, आणि एप्रिल-मेचं ऊन टाळाच. दर्यापूरचा भाग खारपाणपट्ट्यात येतो, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं, पिण्याचं पाणी सोबत ठेवा. वावरात शिरण्याआधी मालकाला विचारा, उभ्या पिकातून चालू नका. रुळांचा खिळाही उचलून आणू नका. गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव याच अंजनगाव तालुक्यात आहे, तेही बघता येईल. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ मात्र उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारून ठेवा.