तुम्ही विचारलंत म्हणून : अठ्ठावीस वर्षं नोकरी, आणि पेन्शन चार हजार?

"साहेब, शेवटचा पगार साठ हजार होता. अठ्ठावीस वर्षं भरली. पेन्शन चार हजारच कशी बसली? मधले पैसे खाल्ले कोणी?"

खासगी नोकरीतल्या पीएफच्या पेन्शनचा, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचा (ईपीएस-९५) अर्ज, फॉर्म १०-डी, भरायला माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो, आणि उत्तर ऐकून माझ्याकडेच संशयाने बघतो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. कोणी खाल्ले नाहीत. हिशोबच तसा आहे.

तुमच्या पगारातून कापले जाणारे १२ टक्के सगळे पीएफमध्ये जातात. पेन्शनसाठी तुमचा रुपयाही जात नाही. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, पण खऱ्या पगारावर नाही, सरकारने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा १९९५ मध्ये योजना आली तेव्हा ५,००० होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणजे महिन्याला आधी ४१७ रुपये, मग ५४१, मग १,२५०. सरकार वर १.१६ टक्के घालतं. १५,००० वर ते १७४ रुपये होतात. तुमचे साठ हजार या कागदावर कुठे आलेलेच नाहीत.

आता पेन्शन. सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. समजा १ सप्टेंबर १९९७ ला लागलात आणि ३१ ऑगस्ट २०२५ ला अठ्ठावन्न पूर्ण झाली. पहिली १७ वर्षं ६,५०० च्या मर्यादेने : १,५७९ रुपये. नंतरची ११ वर्षं १५,००० ने : २,३५७. बेरीज ३,९३६. वीस वर्षांच्या वर सेवा म्हणून दोन वर्षांचा बोनस मिळतो. तो कुठल्याही भागात धरा, आकडा ४,४०० च्या आतच राहतो. महागाई भत्ता नाही, त्यामुळे ही रक्कम मरेपर्यंत तीच. मागे बायकोला निम्मी. तुमच्या नावावर अठ्ठावीस वर्षांत जमा झालेलं मालकाचं मुद्दल पावणेतीन लाखांच्या आत आहे, हेही बघा. मी सरकारचा वकील नाही, पण चोरी झाली असं हा कागद म्हणत नाही.

घाव बसला तो १ सप्टेंबर २०१४ ला, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. त्या दिवशी किमान पेन्शन हजार झाली, मर्यादा दुपटीहून वर गेली, म्हणून पेढे वाटले गेले. त्याच दिवसापासून सरासरी शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांची केली. मर्यादेच्या वर पगार असणाऱ्याला आज त्याचं काही वाटत नाही. पण एखाद्या सुरक्षारक्षकाचं बेसिक आणि भत्ता मिळून पाच वर्षांत ९, १०, ११, १२, १३ हजार असं चढलं असेल, तर त्याचा धरला जाणारा पगार १३,००० ऐवजी ११,०००. २०१४ नंतरच्या सेवेवर सरळ पंधरा टक्के गेले. ज्याचा पगार कमी, त्यालाच ही कात्री लागली.

दुसरी गोष्ट त्याहून लांबवर जाणारी. त्या तारखेनंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याचं बेसिक १५,००० च्या वर असेल, तर त्याला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. या योजनेत प्रत्येकाचं वेगळं खातं नसतं, सगळ्यांची एकच सामाईक गंगाजळी. तिच्यात पूर्ण १,२५० भरू शकणारा नवा माणूस दारातच अडवला. उरले कमी पगाराचे आणि कंत्राटी. त्यात महाराष्ट्राचा जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १.७ वर आलेला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पेन्शन घेणारे वाढणार, भरणारी पिढी आकसणार. फंडात आज शिल्लक मोठी आहे हे खरं, आजची पेन्शन आजच्याच वर्गणीतून जाते असं नाही; पण आत येणारा ओघ बारीक होतोय.

मीही पूर्वी म्हणायचो : बुलढाण्यात पेन्शनर उपोषणाला बसलेत ती मागणी मान्य करा, किमान ७,५०० द्या, विषय संपला. आता कागद घेतला की अडतो. आजच्या मर्यादेत ३३ वर्षं भरून, बोनसची दोन धरून जो ३५ ला पोचतो, त्याचीच पेन्शन ७,५०० होते. दहा वर्षं भरलेल्यालाही तेवढीच द्यायची, तर वरचे पैसे तिजोरीतून यायला हवेत, आणि १.१६ टक्क्यांत ते बसत नाहीत. बरं, मग हजार रुपये योग्य का? अजिबात नाहीत. गॅस सिलिंडर आणल्यावर हजारातलं उरतं काय? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

हायर पेन्शनचं, म्हणजे मर्यादेऐवजी खऱ्या पगारावरच्या पेन्शनचं, विचारू नका म्हटलं तरी विचारता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ चा. पर्याय द्यायची मुदत जुलै २०२३ मध्ये संपली. अर्ज मंजूर झालेल्यांनाही मागची फरकाची वर्गणी व्याजासकट पीएफमधून परत भरावी लागते, ती काही लाखांत जाते.

हातात आहे तेवढं तरी सांभाळा. नोकरी बदलताना १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढू नका, सेवा तुटते. ट्रान्सफर करा किंवा स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या सेवेचा दाखला) घ्या. सहा महिने किंवा जास्त म्हणजे पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेनऊ वर्षांवर सोडणारा पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांत बसतो. पण बिनपगारी दिवस त्यातून वजा होतात, ते आधी मोजा. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेतली तर अठ्ठावन्नला कमी पडणाऱ्या दर वर्षामागे ४ टक्के कमी, तेही कायमचे. आणि सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते इथे : अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावरही नोकरी चालू, आणि कंपनीचा क्लार्क ८.३३ टक्के पेन्शनमध्येच टाकत राहतो. त्या महिन्यापासून मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्ये जायला हवेत. दुरुस्ती कंपनीलाच करावी लागते आणि तोवर १०-डी पडून राहतो. पासबुक सत्तावन्नाव्या वर्षीच काढून बघा.

हल्ली तुमची मुलंही येतात, उलटा प्रश्न घेऊन : "काका, यातून बाहेर पडता येतं का?" पहिल्याच नोकरीत बेसिक १५,००० च्या वर असेल तर तू आत येतच नाहीस. एकदा आलास, तर पुढे पगार कितीही वाढो, पीएफ लागू असलेल्या नोकरीत आहेस तोवर अठ्ठावन्नपर्यंत सभासदच.