पावसाळ्यातला हिरवा रंग स्लायडरने येत नाही

ताम्हिणीत किंवा माळशेजला जुलैत काढलेले फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर उघडले की हिरवा रंग पांढुरका, मेलेला दिसतो. मग एडिटिंगच्या स्लायडरने सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवलं जातं आणि अख्खा डोंगर पोपटी प्लास्टिकचा होतो. खरी गोम पानांवरच्या चमकेत आहे. ओल्या पानावर पांढरं आभाळ उमटतं आणि त्याखाली हिरवा झाकला जातो. ही चमक नंतर एडिटिंगमध्ये नीट काढता येत नाही.

ती जागेवरच काढायची, सर्क्युलर पोलरायझरने, म्हणजे चमक अडवणाऱ्या फिरत्या फिल्टरने. लेन्सवर चढवा आणि स्क्रीनकडे बघत पुढची रिंग सावकाश फिरवा. एका ठिकाणी ओला कातळ काळा पडतो, पानं गडद होतात, डबक्याचा तळ दिसू लागतो. तिथे थांबा. कॅमेरा आडव्याचा उभा केला की रिंग पुन्हा लावावी लागते. हे हमखास विसरतं. आणि इंद्रधनुष्य पडलं असेल तर जपून, रिंग भलत्या जागी असली की ते चक्क गायब होतं!

पोलरायझर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ढगाळ दुपारी उघड्यावर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ ११ (लेन्सच्या छिद्राचं माप) ला शटर साधारण १/३० सेकंद मिळतो, तो १/१० च्या आसपास येतो. म्हणजे ट्रायपॉड हवा, दोन सेकंदांचा टायमर हवा. धबधब्याला हे पथ्यावरच पडतं. भरून वाहणाऱ्या धबधब्याला १/८ ते पाव सेकंद पुरे. एक सेकंद ठेवलात तर पाण्याचे पदर जाऊन नुसती पांढरी चादर उरते. बारीक धारेला मात्र अर्धा-एक सेकंद शोभतो. वाऱ्याने फांद्या हलत असतील तर त्याच फ्रेमचा दुसरा फोटो आयएसओ ८०० वर, जास्त शटर स्पीडने घ्या आणि पानं त्यातून जोडा.

धुक्यात कॅमेरा फसतो. समोरचं पांढरं त्याला करडं करायचं असतं, म्हणून एक्स्पोजर +०.७ ते +१ ठेवा. काळ्या कड्यावरचा धबधबा असेल तर उलट, −०.७. हिस्टोग्रामची, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड बघत राहा; आलेख तिला चिकटला की पांढरं जळालं.

कासच्या सड्यावर (पठारावर) फुलं पुढे आणि डोंगर मागे हवे असतील तर क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) १८ मिमी, एफ ८, फोकस दोन मीटरवर: एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फूल त्याहून जवळ असेल तर फुलावर एक, डोंगरावर एक, असे दोन फोटो घेऊन नंतर जोडा. एफ २२ च्या नादी लागू नका, डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. पांढरंफटक आभाळ फ्रेममध्ये बोटभरच ठेवा, नाहीतर कापाच.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते लेन्सवरच्या वाफेने. एसी गाडीतून काढलेल्या थंड काचेवर दमट हवेतली वाफ लगेच धरते. पुसली तरी पुन्हा येते, कारण काच अजून थंडच असते. घाटात पोचण्याआधी अर्धा तास एसी बंद करा, बॅग मात्र उघडू नका. बॉडीसाठी जुना सुती पंचा, काचेसाठी तीन-चार मायक्रोफायबर फडकी, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत. फोटो नसेल तेव्हा लेन्स जमिनीकडे. घरी आल्यावर बॅटरी आणि कार्ड काढून, कॅमेरा कोरडा पुसून, सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर.