इप्सिलांटीचा माणूस

डेट्रॉईटला बघण्यासारखं आहे तरी काय, असं विचारणाऱ्यांत मीही होते. मावसबहीण डेट्रॉईटजवळच्या नोव्हायला राहते म्हणून गेले आणि तिच्या शेजारच्या आजोबांनी डेट्रॉईटच्या बेसबॉल संघाची, टायगर्सची मॅच दाखवायला नेलं. हे आजोबा मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मला वाटलं, वाटेत बेसबॉलचे नियम समजावतील. पण ते सबंध रस्ताभर बोलत राहिले रेडिओवरच्या कॉमेंटेटरांबद्दल.

टायगर्सचं मैदान, कोमेरिका पार्क, शहराच्या मध्यात, वुडवर्ड अव्हेन्यूवर आहे. बाहेर वाघांचे पुतळे, आत चेंडूच्या आकाराच्या डब्यांचा आकाशपाळणा, खाण्याचे ठेले, जत्राच म्हणा. टाय कॉब, अल कॅलाइन अशा महारथींचे पुतळे पार मैदानाच्या टोकाला आहेत. आजोबा मात्र आत शिरल्यावर लगेच एका पुतळ्यापाशी थांबले. हा पुतळा अर्नी हारवेल यांचा. हयातभर बॅट नव्हे, माईक हाती धरलेला माणूस! १९४८ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या संघाला हे हवे होते, तेव्हा ते ज्या अटलांटाच्या संघाकडे होते, त्याने मोबदल्यात चक्क एक कॅचर (बेसबॉलमधला यष्टिरक्षकच म्हणा) मागून घेतला. खेळाडू देऊन कॉमेंटेटर घेतल्याचं हे एकमेव उदाहरण.

हारवेल डेट्रॉईटला आले १९६० साली आणि मधलं १९९२ चं वर्ष सोडलं तर २००२ पर्यंत तिथेच बोलत राहिले. ते एक वर्ष का सुटलं, हे सांगताना आजोबांचा आवाज चढला. करार पुढे वाढवायचा नाही असं वरच्यांनी ठरवलं होतं. लोक इतके खवळले की सांगता सोय नाही. १९९२ मध्ये माइक इलिच यांनी संघ विकत घेतला आणि पुढच्याच मोसमात हारवेल परत माईकवर! "आमच्या घरातल्या माणसाला काढणारे हे कोण?" आजोबांचा राग अजून ताजा होता.

मोसमापूर्वीच्या सराव सामन्यांचं पहिलं प्रसारण ते बायबलातल्या ओळींनी सुरू करायचे. हिवाळा सरला, पाऊस ओसरला, होल्याचा आवाज आपल्या देशी ऐकू येऊ लागला, अशा अर्थाच्या त्या ओळी. डेट्रॉईट ज्या राज्यात आहे, त्या मिशिगनचा मार्च मी पाहिलेला आहे. बाहेर तेव्हाही बर्फ असू शकतो. फलंदाज तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न हलवता बाद झाला, की "रस्त्याकडेच्या घरासारखा नुसता उभा राहिला" हे ठरलेलं. आणि बोलण्यात घाई नाही. मधे चार क्षण गर्दीचा गलका, विक्रेत्याची आरोळी ऐकू द्यायची. आपल्याकडे बाळ ज. पंडितांची कॉमेंटरी ऐकलेले लोक अशाच मायेने बोलतात.

आमच्या पलीकडच्या रांगेत एक फाउल बॉल (रेषेबाहेर गेलेला चेंडू) येऊन पडला आणि एका जाड्या गृहस्थाने तो झेलला. लगेच आजोबा मोठ्याने म्हणाले, "इप्सिलांटीच्या माणसाने पकडला!" आजूबाजूचे पिकल्या केसांचे सगळे हसले. हारवेल असंच सांगायचे: हा चेंडू इप्सिलांटीच्या माणसाने पकडला, तो सॅगिनॉच्या. दोन्ही मिशिगनमधली गावं. सगळं मनाचं! पण ऐकणारी मुलं चकित व्हायची, यांना कळतं तरी कसं?

मागच्या रांगेतल्या काकू संभाषणात घुसल्या. त्यांच्या मते हारवेलचे जोडीदार पॉल कॅरी यांच्यावर अन्याय होतो. मॅचच्या नऊ डावांपैकी पहिले तीन आणि शेवटचे तीन हारवेल सांगायचे, मधले तीन कॅरी. त्यांचा खर्जातला आवाज ऐकून लोक त्यांना देवाचा आवाज म्हणत. टीव्हीवर कॉमेंटरीला जॉर्ज केल आणि कॅलाइन, दोघेही एके काळचे टायगर्सचे खेळाडू. काकूंकडे टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावायची पद्धत होती. रेडिओ म्हणजे डब्ल्यूजेआर, ५० हजार वॅटचं मीडियम वेव्ह केंद्र. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून लहरी परततात, त्यामुळे कितीतरी राज्यांत ऐकू जायचं. मुलं झोपायच्या वेळी उशीखाली ट्रान्झिस्टर लपवायची. २००२ च्या शेवटच्या प्रसारणात हारवेलनी त्या ट्रान्झिस्टरवाल्यांचेही आभार मानले होते.

२०१० च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा पार्थिव याच पुतळ्याजवळ ठेवलं होतं. दरवाजे रात्रभर उघडे, १० हजारांहून अधिक लोक आले. आजोबा पहाटे आले होते. एवढंच सांगितलं त्यांनी, पुढे नाही.

मॅच टायगर्स हरले. त्याबद्दल न बोललेलं बरं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी मिशिगन आणि ट्रम्बल रस्त्यांच्या कोपऱ्यावर नेलं. जुनं टायगर स्टेडियम इथे होतं. १९९९ मध्ये शेवटची मॅच झाली, नंतर ते पाडलं. आता तिथे मुलं खेळतात. जुना ध्वजस्तंभ तेवढा जागेवर आहे. कॉमेंटरीची खोली होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, किती जवळ होती, ते आजोबा हात वर करकरून दाखवत होते. तेवढ्यात तिथे कुत्रं फिरवणारे दुसरे एक आजोबा आले, म्हणाले, खोली तिथे नव्हे, जरा डावीकडे. मग दोघांची जी जुंपली, ती आम्ही कोनी डॉग (डेट्रॉईटचा हॉट डॉग) खायला निघेपर्यंत काही मिटली नव्हती.