शर्टाचा रंग कोणता?

चार जुलैला अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. सगळ्यांना सुट्टी असते, पण आमच्या घरात पावणेपाचला गजर वाजतो. अटलांटातली आम्ही चार मराठी कुटुंबं, सोबत मोठी झालेली मुलं, मेट्रोने लेनॉक्स स्टेशनला उतरतो. डब्यात पाय ठेवायला जागा नसते. ज्याच्या त्याच्या छातीवर नंबर आणि अंगात झेंड्याचे लाल-निळे रंग.

ही पीचट्री रोड रेस. अंतर फक्त 10 किलोमीटर. 1970 साली 110 जण धावले होते, आता पन्नास हजारांच्या आसपास माणसं येतात. एवढ्यांना एकदम सोडणं शक्य नाही, म्हणून गटागटाने सोडतात. वेगवान मंडळी आधी, आमच्यासारखे अर्धं धावणारे आणि अर्धं चालणारे मागे. शेवटपर्यंत पोचणाऱ्या प्रत्येकाला टी-शर्ट मिळतो. त्यावरचं चित्र लोकांच्या मतांनी ठरतं, पण कोणतं निवडलं गेलं ते शर्यतीच्या दिवसापर्यंत गुपित राहतं. त्या शर्टाचं इथे फार अप्रूप. शेजारच्या आजोबांनी तीसेक वर्षांचे शर्ट घडी घालून जपून ठेवलेत.

दोन वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून आली होती. वय सदुसष्ट. मार्चमध्येच फोनवर म्हणाली, "मी पण येणार. माझं नाव घाल." तेव्हापासून तिने रोज पहाटे अजिंक्यतारा चढायला घेतला. मला काळजी होती ती उकाड्याची. अटलांटातली जुलैची हवा सकाळीही दमट आणि जड असते, त्यात आईला रक्तदाबाच्या गोळ्या. डॉक्टरांना विचारलं, पाण्याची बाटली घेतली आणि तिच्यासोबत मी पूर्ण वेळ चालायचं ठरवलं.

सुरुवातीचा रस्ता बराचसा उताराचा. एका चर्चबाहेर पाद्री धावणाऱ्यांवर पवित्र पाणी शिंपडत होते. आई मुद्दाम त्या बाजूने गेली आणि तिने डोक्यावरचा पदर सारखा करावा तसा हात केसांवरून फिरवला.

तिसऱ्या मैलानंतर चढ लागतो. 'कार्डियाक हिल', म्हणजे हृदयाची टेकडी, म्हणतात त्याला. चढ आहे म्हणून तर ते नाव आहेच, शिवाय वरच्या टोकाला पीडमाँट हॉस्पिटल आहे. त्याला लागूनच शेफर्ड सेंटर, मणक्याला आणि मेंदूला इजा झालेल्यांचं पुनर्वसन करणारं रुग्णालय. तिथले रुग्ण चाकांच्या खुर्च्यांवर बसून रस्त्याच्या कडेला येतात आणि धावणाऱ्यांना प्रोत्साहन देतात. मी दरवर्षी तिथून जाते, तरी दरवर्षी घसा दाटतो.

आई तिथे थांबली. एक तरुण मुलगा खुर्चीत बसला होता, त्याचे हात मांडीवर तसेच ठेवलेले. मान किंचित हलवून तो काहीतरी म्हणाला. आईला इंग्रजी येतं, पण त्याचा उच्चार कळला नाही. मी सांगितलं, "थांबू नका, वर जवळ आलंय, असं म्हणतोय." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "येते हं बाळा" म्हणाली आणि चढायला लागली. वरपर्यंत एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही.

पीडमाँट पार्कला पोचायला आम्हाला दोन तासांच्या वर लागले. बाकीची मंडळी कधीच पोचून गवतावर बसली होती. शर्ट हातात पडल्यावर आईने आधी त्याचा कापसाचा पोत बोटांनी चाचपून पाहिला, मग तो सलवार-कमीजवरच चढवला.

यंदा गुडघा दुखतो म्हणून ती येऊ शकली नाही. आमचे सकाळचे सात, तेव्हा साताऱ्यात दुपारचे साडेचार. किल्ल्याच्या वाटेवर पाऊस असणार, तरी "पहिल्या वळणापर्यंत जाऊन येते" म्हणाली होती. पार्कात पोचून मी फोन लावला. मागे पावसाचा आवाज येत होता.

"सगळे पोचलात?" तिने विचारलं. मग लगेच, "शर्टाचा रंग कोणता आहे गं?"