एका ओळीच्या हेडरपायी गेलेले अकरा दिवस

आमचं ट्रान्सपोर्ट ऑफिसांसाठी बिल्टी बनवायचं वेब अॅप आहे. एका ऑफिसातून रोज फोन, "साहेब, पार्टीचं नाव टाकायला गेलं की अडकतंय." इकडे माझ्या लॅपटॉपवर लाइटहाउस (पानाचा वेग तपासून शंभरपैकी गुण देणारं गूगलचं टूल) ९४ दाखवतंय. तो स्क्रीनशॉट पाठवून त्यांचं समाधान होणारे का? मग ठरवलं, त्यांच्याच ब्राउझरमध्ये काय होतंय ते मोजायचं. खऱ्या वापरात पान किती वेगाने चालतं ते मोजणारी गूगलची वेब-व्हायटल्स लायब्ररी टाकली, आकडे गोळा करायला आमच्या वेगळ्या सबडोमेनवर छोटा सर्व्हर उभा केला, अर्ध्या दिवसात माझ्या लॅपटॉपवर सगळं चालू.

प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर टाकलं आणि आकड्यांचा डॅशबोर्ड कोरा.

ब्राउझरचा कन्सोल (चुका दिसतात ती खिडकी) उघडला तर दोन लाल ओळी, 'रिफ्यूज्ड टु कनेक्ट'. म्हणजे सीएसपी आडवी आली, कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, पानाला काय करू द्यायचं ते ब्राउझरला सांगणारा हेडर, म्हणजे सर्व्हर पानासोबत पाठवतो ती सूचना. पानाने कुठल्या पत्त्यावर डेटा पाठवायचा ते या हेडरमधलं कनेक्ट-एसआरसी ठरवतं, आणि तिथे फक्त 'सेल्फ' होतं. मला वाटायचं सबडोमेन आपलंच, चालेल. नाही चालत, सेल्फ म्हणजे तोच ओरिजिन (अगदी तोच पत्ता), सबडोमेन परकंच. एक पत्ता वाढवायचा, बास. पण तो हेडर लावणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर क्लायंटच्या इन्फ्रा टीमच्या, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ताब्यात. त्यांनी फॉर्म पाठवला, चार पानी. डेटा कुठे जातो, किती दिवस ठेवणार, रोलबॅक प्लॅन काय. भरून दिला तर दोन दिवसांनी परत, का तर 'बिझनेस जस्टिफिकेशन'चा रकाना रिकामा. भरला. मग कळलं की बदल मंजूर करायची मीटिंग फक्त गुरुवारी, आणि तो दिवस होता शुक्रवार! इथे रोज फोन घेतोय मी आणि हे गुरुवारची वाट बघा म्हणतात.

नवव्या दिवशी बदल झाला. डॅशबोर्ड कोराच. कन्सोलमध्ये लाल ओळ तशीच. मी तडक मेल टाकला, तुम्ही बदल केलेलाच नाही, वर चार लोकांना सीसी. त्यांनी शांतपणे कॉन्फिगचा स्क्रीनशॉट पाठवला, बदल होता.

अजून दोन दिवस ब्राउझरच्या कॅशला (साठवलेल्या जुन्या प्रतींना) शिव्या घालण्यात गेले. मग ती लाल ओळ पहिल्यांदा नीट वाचली. आधी दोन होत्या, आता एकच उरली होती, आणि तीत कनेक्ट-एसआरसी नाही तर डिफॉल्ट-एसआरसी (कनेक्ट-एसआरसी दिलेलं नसेल तर लागू होणारा नियम) लिहिलेलं. नेटवर्क टॅबमध्ये पानाचे रिस्पॉन्स हेडर बघितले तर सीएसपी दोनदा! एक एनजिनएक्सची, दुसरी आमच्याच सर्व्हरच्या नोड.जेएस कोडमधून, सुरक्षेचे हेडर आपोआप लावणाऱ्या हेल्मेट नावाच्या पॅकेजची डिफॉल्ट. कुणीतरी कधीतरी टाकून ठेवलेलं. आणि दोन सीएसपी असल्या की ब्राउझर दोन्ही पाळतो, एकीने सोडलं तरी दुसरी अडवते. आमच्यातली काढली, पाच मिनिटांत आकडे यायला लागले. तो सीसीवाला मेल आठवला की अजून कानकोंडं होतं.

तेव्हा कुणाला फॉर्म भरायला लावण्याआधी हेडर किती आहेत ते मोजा. रिपोर्ट-ओन्ली नावाचा सीएसपीचा प्रकार आहे, त्यात काही अडत नाही, काय अडलं असतं तेवढं कळतं, आधी तो लावायचा. हां, आणि आकडे पाठवायला अनलोड इव्हेंटवर (पान बंद होताना ब्राउझर देतो तो इशारा) विसंबू नका, मोबाइलवर तो बऱ्याचदा येतच नाही, व्हिजिबिलिटीचेंज या इव्हेंटला पान लपलं की सेंडबीकन या ब्राउझरच्या फंक्शनने पाठवा, ते पान बंद होतानाही डेटा पाठवतं. त्यात जेसनचा कंटेंट-टाइप लावला तर प्रीफ्लाइटची, म्हणजे ब्राउझरने आधी सर्व्हरची परवानगी विचारण्याची भानगड मागे लागते, साधी स्ट्रिंग पाठवली की सुटका. पत्त्यात 'अॅनालिटिक्स' शब्द नको, अॅडब्लॉकर खातात.

आकडे म्हणाल तर एलसीपी (पानातला सर्वात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.१ सेकंद, मर्यादा २.५, म्हणजे पान बरं उघडत होतं. आयएनपी (क्लिक केल्यावर किंवा की दाबल्यावर पानाने प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ) मात्र ९०० मिलिसेकंदांच्या वर, हवं २०० च्या आत. (सरासरी बघू नका, ७५ वा पर्सेंटाइल बघा.) मार्च २०२४ पर्यंत आयएनपीच्या जागी एफआयडी हे माप होतं, ते पहिल्या क्लिकचा नुसता उशीर मोजायचं, त्यात हे दिसलंच नसतं. लायब्ररीच्या अॅट्रिब्यूशनवाल्या बिल्डने, म्हणजे उशीर कुठे झाला तेही सांगणाऱ्या आवृत्तीने, थेट पार्टीच्या नावाचा बॉक्सच दाखवला. एक अक्षर दाबलं की सहा हजार नावांची यादी पुन्हा आखली जात होती. माझ्या टेस्ट डेटात पार्ट्या बारा.

यादी वीस नावांवर आणली, आयएनपी १६० झालं, फोन थांबले. इन्फ्रावाल्यांनी परवा विचारलं, ते तिकीट बंद करायचं का. हो म्हटलं, या वेळी सीसीत कुणी नाही.