आमची वाटचाल: कव्हरखालचा मायक्रोस्कोप

आमची सुरुवात दुरुस्तीपासून झाली. डेंटल मायक्रोस्कोपचा, म्हणजे दातांचं काम मोठं करून दाखवणाऱ्या यंत्राचा, हात आपोआप खाली येतो, दिवा गेला, भिंगाला बुरशी धरली, अशी तक्रार आली की आम्ही दोघं भागीदार हत्यारांची पेटी घेऊन निघायचो. वर्षभरात एक गोष्ट मनाला लागली. कितीतरी दवाखान्यांत यंत्र ठणठणीत होतं, पण कव्हर घालून कोपऱ्यात उभं. "मान अवघडते, वेळ जातो," डॉक्टर सांगत.

वाईट वाटायचं, कारण त्यातून काय दिसतं ते आम्ही पाहिलं होतं. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दुसरी नळी असते आणि तिचं तोंड डेंटीनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागाच्या, थराखाली दडलेलं असतं. ती राहून गेली तर रूट कॅनाल करूनही दुखणं परतू शकतं. मायक्रोस्कोपचा उजेड डॉक्टरांच्या नजरेच्या रेषेतच खाली उतरतो. दाढेच्या तळाशी सावली राहत नाही.

जुनी माहिती चाळली तेव्हा कळलं, ही अडचण पहिल्यापासूनची. कानाच्या शस्त्रक्रियेत मायक्रोस्कोप १९२१ मध्येच आला. दातांसाठीचा पहिला १९८१ च्या सुमारास. त्याला आठपट हे एकच मॅग्निफिकेशन, दुर्बीण सरळ, तोल बेताचा. नीट बसून काम करताच येईना, म्हणून तो मागे पडला. नव्वदच्या दशकात बसण्याचा विचार करून घडवलेली यंत्रं आली, तेव्हा कुठे रूट कॅनालवाल्यांनी ती आपलीशी केली.

तेव्हापासून मायक्रोस्कोप बसवून देण्याची आमची पद्धत बदलली. आधी डॉक्टरांचं स्टूल, पाठ ताठ, कोपर अंगालगत. मग पेशंटची खुर्ची. मायक्रोस्कोप सगळ्यात शेवटी, डॉक्टरांच्या डोळ्यांपर्यंत आणायचा. हे शिकताना एक चूक केली. एके ठिकाणी छताला बोल्ट ठोकून मोकळे झालो आणि मग दिसलं, डॉक्टर पेशंटच्या डोक्यामागे बसले की यंत्राचा हात तिथवर पोचत नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चाने सगळं उतरवून पुन्हा बसवलं. आता जमिनीवर खडूने आखल्याशिवाय ड्रिल हातात घेत नाही.

बसवल्यावरही आम्ही निघून येत नाही. दोन्ही डोळ्यांचे आयपीस वेगवेगळे जुळवून देतो, नाहीतर मॅग्निफिकेशन बदललं की फोकस सुटतो. काचेच्या पुढच्याच बाजूला मुलामा असलेला आरसा वापरायला सांगतो. साध्या आरशात प्रतिमा दुहेरी दिसते. कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं सिमेंट, भरताना नारिंगी फिल्टर, म्हणजे ते उजेडाने लवकर घट्ट होत नाही. आणि असिस्टंटला शिकवायला वेगळा दिवस. डॉक्टरांची नजर न हलता अवजार थेट हातात आलं पाहिजे. माझ्या मते निम्मं यश तिथेच आहे.

ज्यांच्याकडे चूक झाली होती, त्यांचा परवा फोन आला. मायक्रोस्कोपच्या मुठींवरची रबरी कव्हरं रोज हाताळून झिजली होती. नवी चढवून आलो.