तुम्ही विचारलंत म्हणून : स्वतःचे यंत्र

मी निवृत्त होऊन इंदूरला स्थायिक झाल्यापासून, भौतिकशास्त्र शिकवत होतो हे कळले की लोक हमखास विचारतात, "सर, तुम्ही विभागासाठी मोठ्या यंत्राकरिता कधी भांडला नाहीत का? मुलांना दुसऱ्यांच्या दारी का पाठवलेत?"

'दुसऱ्यांचे दार' हे शब्द मला लागतात. इंदूरच्या खंडवा रोडवरचे, विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त संशोधन केंद्र मुळात विद्यापीठांसाठीच आहे. १९८४ साली आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती अशी सामायिक केंद्रे काढता यावीत म्हणूनही. आपल्याच शहरातल्या 'इंडस-२' या कणवेगवर्धक यंत्रात अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात. तसे यंत्र प्रत्येक विद्यापीठाने बांधावे, असे कोणीच म्हणणार नाही.

आणि मी भांडलो होतो. पूर्वी ज्या विद्यापीठात शिकवत असे, तेथे अतिशीत तापमानाला चुंबकत्व मोजणारे यंत्र मी हट्टाने आणवले. उणे २६९ अंशांना उकळणारा द्रव हेलियम त्याला लागे. आपल्या देशात हा वायू प्रामुख्याने बाहेरून येतो, म्हणून वाफ झालेला हेलियम गोळा करून पुन्हा द्रवरूप करावा लागतो. आमच्याकडे ती सोय नव्हती, तंत्रज्ञाचे पद मंजूर नव्हते, आणि अनुदानात देखभालीची तरतूदच नव्हती. तिसऱ्या वर्षी यंत्र बंद पडले. एका विद्यार्थिनीचा सारा प्रबंध त्याच्यावर अवलंबून होता. "महिनाभरात सुरू होईल," असे मी तिला चौदा महिने सांगत राहिलो. तिला इंदूरला पाठवता आले असते. पण पाठवणे म्हणजे माझे यंत्र फसले हे मान्य करणे, आणि तेवढे मला झाले नाही. अखेर तिने स्वतःच अर्ज केला, रात्रीच्या गाडीने आली आणि चौदा महिन्यांत झाले नव्हते ते मोजमाप सहा दिवसांत करून परतली. तिच्या आलेखात चार केल्विनजवळ, म्हणजे उणे २६९ अंशांच्या आसपास, जे वळण दिसले, ते येणार असे मीच पहिल्या वर्षी सांगितले होते. मला आनंद झाला नाही. "सर, तुमचं नावही घातलंय," एवढेच ती म्हणाली.

तरीही यंत्र मागणे चूक होते, असे मी आजही म्हणणार नाही. ज्या मुलाने आपल्या प्रयोगशाळेत हात खराब केलेले नाहीत, त्याचे केंद्रात मिळालेले मोजके दिवस शिकण्यातच सरतात. शिवाय वेळ कोणाला द्यायचा हे समिती ठरवते, तेव्हा लहान महाविद्यालयातला वेगळा प्रश्न मागे पडण्याची भीती असतेच. पण हे सारे मी त्या चौदा महिन्यांतही बोलत होतो, आणि तेव्हा त्याचा उपयोग फक्त माझी बाजू राखण्यापुरता होता.

गेल्या आठवड्यात एका तरुण प्राध्यापकाने अशाच यंत्राचा प्रस्ताव मला वाचायला दिला. देखभालीचा रकाना रिकामा होता. तो भरून आणायला मी सांगितले. प्रस्ताव मागे घ्या, असे मात्र मला म्हणवले नाही.